तंजावरची सांस्कृतिक सहल : तज्ज्ञासह जाणाऱ्या गटाबरोबर जावे की आपली आपण आखावी?

दांडियाबाजारकर

सप्रेम नमस्कार. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई येत्या फेब्रुवारीत तंजावर व त्याच्या आसपासचा कावेरीकाठ पाहायला जाण्याचे योजीत आहोत. जाऊबाईंनी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यमचे शिक्षण घेतले आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाईसाहेब १८८० मध्ये लग्न होऊन तंजावरहून बडोद्यास आल्या, तेव्हा त्यांच्यामागोमाग गौरा व कांतिमती या नर्तकी आपल्या साथीदारांसह या दरबारात आल्या. जाऊबाईंच्या गुरुपरंपरेत हा इतिहास नेहमी सांगितला जात असे, त्यामुळे ती कला जिथून आली ते गाव एकदा नीट पाहावे अशी त्यांची फार जुनी इच्छा आहे.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला एका नेहमीच्या पर्यटन कंपनीचा असून त्यात आठ दिवसांत चेन्नई, महाबलीपुरम, कांचीपुरम, तंजावर, मदुरै, रामेश्वरम आणि कन्याकुमारी इतकी ठिकाणे आहेत. दुसरा प्रस्ताव केवळ सांस्कृतिक सहलीच काढणाऱ्या एका लहान कंपनीचा आहे. दिवस तेवढेच, पण ठिकाणे फक्त चिदंबरम, कुंभकोणम आणि तंजावर. गटात जास्तीत जास्त सोळा जण, सोबत कलेतिहासाचे एक अभ्यासक, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी व्याख्यान. या दुसऱ्या सहलीचा खर्च पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि घरातील मंडळींचे म्हणणे असे की दुप्पट पैसे देऊन निम्मी ठिकाणे पाहण्यात काय अर्थ आहे.

अशा विशेष कंपन्यांबरोबर ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी या जादा पैशांत नेमके काय मिळते हे सांगावे. अभ्यासक खरोखर जाणकार आहे की नाही हे पैसे भरण्याआधी कसे ओळखावे, हेही कळावे. जाऊबाईंचे गुडघे दुखतात. त्या चालू शकतात, परंतु भरभर नाही.

कारेलीबागवासी

आपण ज्या प्रकारच्या कंपनीविषयी लिहिले आहे, तशाच एका कंपनीबरोबर मी व माझी पत्नी बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल येथे गेलो होतो. त्या आधारावर लिहितो.

जादा पैसे मुख्यतः कशाचे, तर वेळेचे आणि माणसांचे. नेहमीच्या सहलीत बस थांबते, मार्गदर्शक मंदिराचे नाव, राजाचे नाव आणि शतक सांगतो, आणि पाऊण तासाने सर्व जण पुन्हा बसमध्ये असतात. आमच्या सहलीत पट्टदकलला आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत होतो. विक्रमादित्य दुसरा या चालुक्य राजाने कांचीवर विजय मिळवला, त्याच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने तेथील विरूपाक्ष मंदिर बांधविले, एवढे कोणत्याही माहितीफलकावर असते. परंतु आमच्या बरोबरच्या बाईंनी आम्हाला त्या मंदिराच्या शिखरापुढे बराच वेळ उभे केले, मग कांचीच्या कैलासनाथ मंदिराची छायाचित्रे हातात दिली आणि दोन्हींत काय सारखे दिसते ते आम्हालाच शोधायला सांगितले. जिंकलेल्या शहराची स्थापत्यशैली विजेत्याने आपल्या घरी आणून आदराने उभी केली, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर शेजारच्याच उत्तरेकडील पद्धतीच्या मंदिरांकडे वळल्यावर फरक सांगावाच लागला नाही. मला वाटते, दुप्पट पैशांचे समर्थन असेल तर ते यात आहे.

दुसरी गोष्ट अशी की चांगल्या कंपनीत अभ्यासक आणि व्यवस्थापक या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. खोल्यांच्या किल्ल्या, सामान, जेवणातील पथ्ये, कोणाची औषधे विसरली, कोणाला रिक्षा हवी, हे सारे व्यवस्थापक पाहतो आणि अभ्यासकाला फक्त शिकवायचे असते. ही दोन्ही कामे एकाच माणसावर टाकली असतील, तर व्याख्यानाच्या ऐन भरात त्याला माणसे मोजावी लागतात आणि थोड्याच दिवसांत तो थकून जातो. आपल्या कंपनीला हे अवश्य विचारावे.

आम्हाला निघण्यापूर्वी वाचायला काही टिपणे आणि नकाशे पाठवले होते. मोठ्या आवारात सर्वांना ऐकू यावे म्हणून कानाला लावायची छोटी यंत्रेही दिली होती. आपल्या जाऊबाईंसारख्या सावकाश चालणाऱ्यांना त्या यंत्राचा फार उपयोग होतो, कारण दहा पावले मागे राहिले तरी एकही वाक्य निसटत नाही.

गटातील सहप्रवाशांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. अशा सहलींना येणारी माणसे बहुधा त्या विषयाची ओढ असलेली असतात, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरही तोच विषय चालतो. ज्यांना संध्याकाळी बाजारात फिरायचे असते, त्यांना हे जड जाते. आपल्या दोघींचा कल पाहता आपल्याला ते आवडेल असे वाटते.

सुरसागरकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि खर्चाचा प्रश्न मोलाचा असल्यामुळे ते स्पष्ट लिहितो. तंजावरचा परिसर स्वतः आखून पाहण्यास अतिशय सोयीचा आहे. तिरुचिरापल्लीच्या विमानतळापासून तंजावर साधारण साठ किलोमीटर आहे, आणि तंजावरपासून कुंभकोणम सुमारे चाळीस. कुंभकोणमला मुक्काम केला की चोळ राजांच्या मंदिराचे दारासुरम अगदी शेजारी, धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे स्वामीमलै जवळच, आणि गंगैकोंडचोलपुरम सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतण्याजोगे. एक गाडी चालकासह ठरवावी आणि प्रत्येक मोठ्या ठिकाणी शासनमान्य मार्गदर्शक घ्यावा. गाडी आपली असली की थकवा आला तर थांबता येते आणि मन रमले तर तिथेच बसून राहता येते. गटात, तो कितीही लहान असला तरी, पंधरा माणसांच्या सोयीने चालावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तमिळनाडूतील मंदिरे दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या पुढे उघडतात, म्हणून पाहण्याचे खरे तास सकाळचे आणि सायंकाळचे. आवारात अनवाणी चालावे लागते आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्रांगणातील दगड ऊन चढल्यावर पाय भाजण्याइतका तापतो, तेव्हा जाड पायमोजे बरोबर असावेत. तिसरी गोष्ट ऋतूची. आपल्या गुजरातेत दसऱ्यानंतर पाऊस संपतो, पण कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत असतो. आपण फेब्रुवारी निवडला आहे तो योग्यच आहे.

मोडीवाचक

मी निवृत्त अध्यापक असून मोडी कागदपत्रांच्या वाचनानिमित्त तंजावरला माझे जाणे झाले आहे. सांस्कृतिक सहलींच्या काही गटांबरोबर व्याख्याता म्हणूनही मी गेलो आहे, त्यामुळे या व्यवहाराची आतली बाजू मला ठाऊक आहे.

सुरसागरकाठ यांनी सांगितलेली आखणी उत्तम आहे, आणि ज्यांची पूर्वतयारी आहे त्यांनी तसेच जावे. मात्र एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. स्थानिक मार्गदर्शक चोळांविषयी चांगले सांगतात, पण आपल्या जाऊबाईंना जे पाहायचे आहे, म्हणजे चोळांच्या मंदिरातील नृत्यापासून भोसल्यांच्या दरबारातील नृत्यापर्यंतचा आणि तेथून बडोद्यापर्यंतचा धागा, तो हाती देणारा मार्गदर्शक प्रवेशद्वारापाशी मिळेलच असे नाही. हा धागा अनेक ठिकाणी तुकड्यांनी विखुरलेला आहे.

तो कसा, ते सांगतो. चोळ राजा राजराज पहिला याने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याच्या थरांवर आणि आवाराच्या भिंतीवर तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. त्यांतील एका लेखात चोळराज्यातील निरनिराळ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली, आणि तिला कोणत्या रस्त्यावरचे कितवे घर दिले, इतका तपशील त्या दगडावर आहे. त्याच मंदिराच्या विमानातील, म्हणजे गर्भगृहावरील उंच शिखरातील, वरच्या मजल्यावर शिव स्वतः नाट्यशास्त्रातील ‘करणे’, म्हणजे हातापायांच्या ठरावीक नृत्यक्रिया, करून दाखवितो असे शिल्पपट असून, १०८ पैकी ८१ कोरलेले आणि बाकीचे दगड कोरेच राहिलेले आहेत. हा मजला सर्वसामान्य दर्शकांना खुला नाही. खाली गर्भगृहाभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात नंतरच्या नायक राजांच्या काळातील चित्रांच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे आहेत, ती १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या नजरेस आली. तीही बंद आहेत, परंतु त्यांची छायाचित्रे आवारातील प्रदर्शनात पाहायला मिळतात.

आता यानंतरची आठ शतके ओलांडून राजवाड्यात यावे. व्यंकोजीराजांनी स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. या दीडशेहून अधिक वर्षांच्या काळात तेथे मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चारही भाषांत लेखन होत राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या शहाजीराजांच्या नावावर मराठी नाटके आहेत, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ मध्ये केलेल्या प्रयोगाच्या कितीतरी आधी. सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यमच्या मैफलीत अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम असतो, त्याची बांधणी या बंधूंची मानली जाते. बडोद्यास आलेल्या नर्तकींनी आणलेले नृत्य हे याच परंपरेतले. त्यांपैकी कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच शहरात कितीतरी विद्यार्थ्यांना शिकविले. आपल्या जाऊबाईंना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. मुद्दा असा की जो अभ्यासक सकाळी त्या चारशे नावांच्या लेखापुढे उभा राहून बोलेल आणि दुपारी सरफोजीराजांच्या दरबाराशी त्याची सांगड घालेल, आणि या दोहोंमधल्या काळात काय तुटले व काय टिकले हेही प्रामाणिकपणे सांगेल, त्याच्यासाठी पैसे मोजावेत.

मराठी वाचकांसाठी तेथे आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या बहुतेक सहलींत निसटतात. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. हा लेख देवनागरी लिपीत आणि मराठी भाषेत असून इतका विस्तृत आहे की तो वाचीत वाचीत चालावे लागते. आपण तो स्वतः वाचू शकता. तमिळ प्रदेशातील हजार वर्षे जुन्या मंदिरात आपली भाषा भिंतीवरून वाचताना मन भरून येते, आणि गटाचा मराठी भाषक अभ्यासक असेल तर तो तेथे थांबल्याशिवाय राहणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. तेथील प्रदर्शन सर्वांसाठी असते, मात्र पोथ्या आणि मोडीची बाडे पाहण्यासाठी आगाऊ परवानगी लागते. सरफोजीराजे नेत्ररोगांवर उपचार करवीत आणि रुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवून घेत. त्या नोंदी या ग्रंथालयात जपलेल्या आहेत. त्यांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली झाले होते. त्या गुरूच्या मृत्युशय्येजवळ उभे असलेले सरफोजीराजे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरले असून ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. राजवाड्यापासून ते लांब नाही, तरी फारच थोडे गट तिकडे जातात.

अभ्यासक कसा ओळखावा, या आपल्या प्रश्नाकडे वळतो. नावापुढील पदव्यांवर विसंबू नये. कंपनीकडे तासांनिशी कार्यक्रम मागावा आणि त्यात बृहदीश्वरासाठी किती वेळ ठेवला आहे ते पाहावे. एका सकाळीत ते मंदिर, राजवाडा आणि ग्रंथालय असे तिन्ही उरकले असतील, तर कितीही मोठा विद्वान बरोबर असला तरी त्याला बोलण्यास वाव नाही. सकाळी एकदा आणि सायंकाळी पुन्हा एकदा त्याच मंदिरात नेणारी कंपनी विषय जाणणारी असते, कारण शिखरावरील उन्हाची बाजू पालटल्यावर सकाळी सपाट दिसलेल्या मूर्ती संध्याकाळी उठून दिसतात. यानंतर अभ्यासकाशी दूरध्वनीवर थोडे बोलू देण्याची विनंती करावी. त्यांना विचारावे की वरच्या मजल्यावरील करणे आम्हाला पाहता येतील का. जो लगेच हो म्हणेल, त्याच्याविषयी मला शंका वाटेल. जो सांगेल की तो मजला बंद आहे, पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करता येतो पण खात्री देता येत नाही, आणि त्याऐवजी चिदंबरमच्या गोपुरांत, म्हणजे मंदिराच्या उंच प्रवेशद्वारांत, तीच करणे उघड्यावर पाहता येतील, त्याच्याबरोबर निःशंकपणे जावे.

शक्य असेल तर अभ्यासकाची परीक्षा आपल्याच शहरात घ्यावी. अशा कंपन्या बडोद्यातही परगावचे गट आणतात. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे, म्हणजे गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध असे चार भिंतींवरचे चार विषय, ते लोकांना कसे दाखवितात हे पाहावे. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याचे नाव कार्यक्रमात आहे की नाही, यावरूनही पुष्कळ कळते. लक्ष्मीविलास राजवाडा सगळेच दाखवितात. तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातील मराठी वळणाची चित्रे दाखविण्याचे ज्याला सुचते, त्याने या शहराचा अभ्यास केलेला असतो.

वाडीकर

वरील चर्चा फार उपयोगी वाटली. मी एकटी राहते आणि अशा सहलींची चौकशी केली की एकट्या व्यक्तीसाठी स्वतंत्र खोलीचा जादा आकार, म्हणजे शुल्क, इतका लावतात की मन मागे येते. यावर काही उपाय आहे का?

कारेलीबागवासी

वाडीकर, तो आकार हॉटेलच्या दरामुळे येतो, कारण खोलीत एक राहो की दोन, हॉटेलचे भाडे फारसे कमी होत नाही. तरी दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. काही कंपन्या एकट्या येणाऱ्या दोन महिलांची संमती घेऊन त्यांना एक खोली देतात, आणि जोडीदार मिळाली नाही तर जादा आकार घ्यायचा की नाही हे आधीच लेखी ठरवितात. शिवाय काही कंपन्या ठरावीक खोल्या जादा आकाराविना एकट्यांसाठी राखून ठेवतात, पण त्या लवकर संपतात. सहल जाहीर होताच नाव नोंदविल्यास त्या मिळण्याची शक्यता अधिक असते.

दांडियाबाजारकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. मोडीवाचक यांचा मजकूर मी जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखविला, आणि चारशे नर्तकींच्या घरांचे क्रमांक दगडावर कोरलेले आहेत हे ऐकून त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला.

आपल्या सूचनेप्रमाणे कंपनीकडे तासांनिशी कार्यक्रम मागितला. बृहदीश्वरासाठी एक पूर्ण सकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सायंकाळ ठेवलेली आहे. राजवाडा, कांस्यमूर्तींचे दालन आणि सरस्वती महाल यांना स्वतंत्र दिवस आहे. स्वामीमलैला मेणाच्या मूर्तीवर कावेरीची माती लिंपून साचा कसा करतात आणि मेण वितळवून त्या जागी धातू कसा ओततात, हे पाहण्यासाठी अर्धा दिवस आहे. व्यवस्थापक वेगळा आहे. चर्च मात्र कार्यक्रमात नव्हते. मी विचारल्यावर त्यांनी ते घालण्याचे मान्य केले.

अभ्यासकांशी जाऊबाई स्वतः बोलल्या. करणांविषयी विचारल्यावर त्यांनी मजला बंद असल्याचे सांगितले आणि पुढे असेही म्हणाले की चिदंबरमच्या गोपुरांतील करणांखाली नाट्यशास्त्रातील श्लोकही कोरलेले असल्यामुळे नृत्य शिकलेल्या व्यक्तीने तेथे हातात वही घेऊन उभे राहावे. त्यानंतर दोघांचे बोलणे बराच वेळ चालले आणि मला दूरध्वनी परत मिळेना.

दोन शंका मात्र उरल्या आहेत. अभ्यासक ऐनवेळी आजारी पडले तर काय, याचा उल्लेख कंपनीच्या पत्रात कोठेच नाही. आणि कार्यक्रमाचा आरंभ चिदंबरमपासून आहे. चोळांचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी तंजावर, मग राजराजाचा मुलगा राजेंद्र याचे गंगैकोंडचोलपुरम आणि त्यानंतर दारासुरम हा काळाचा क्रम बरा नव्हे का?

सुरसागरकाठ

इतका मोकळा कार्यक्रम असेल तर मी माझा आग्रह मागे घेतो. आपण दोघींनी याच गटाबरोबर जावे. फक्त सकाळी साडेसहा-सातला मंदिरात पोहोचण्याची व्यवस्था आहे ना, हे पाहावे. नाश्ता आटोपून नऊ वाजता निघणारा गट उन्हात सापडतो. गुडघ्यांसाठी घडीची हलकी खुर्ची गाडीत ठेवू देतील का, हेही विचारावे. व्याख्यान ऐकताना बसता आले तर उरलेला वेळ चालण्यास बळ राहते.

कारेलीबागवासी

अभ्यासकांच्या पर्यायाविषयी कंपनीकडून लेखी घ्यावे, त्यात संकोच करू नये. आमच्या वेळी पत्रात असे स्पष्ट होते की ठरलेल्या अभ्यासिका येऊ शकल्या नाहीत तर त्याच विषयातील दुसरी व्यक्ती पाठविली जाईल, तिचे नाव आम्हाला आधी कळविले जाईल, आणि ती मान्य नसल्यास पूर्ण पैसे परत मिळतील. आपण ज्या माणसाच्या ज्ञानासाठी दुप्पट रक्कम देत आहात, तो बदलला तर सहलच बदलते, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही. त्याचबरोबर किमान किती नावे आली नाहीत तर सहल रद्द होते, आणि तो निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळवितात, हेही विचारून घ्यावे. ती तारीख उलटण्याआधी परत न मिळणारी विमानाची तिकिटे काढू नयेत. सांगितलेल्या किमतीत वस्तू व सेवा कर धरला आहे की वेगळा आहे, हे तपासून पहिला हप्ता भरावा.

मोडीवाचक

चिदंबरमपासून आरंभ करण्याविषयी आपली शंका रास्त आहे, परंतु या वेळी कंपनीचा क्रम बदलू नये असे मी सुचवीन. काळाच्या क्रमाने जाणे हे स्थापत्य पाहणाऱ्यास सोयीचे आहे. तंजावरच्या मंदिरशिखराची उंची, नंतर राजेंद्राच्या मंदिरात त्याच रेषांना आलेला बाक, आणि बाराव्या शतकात दारासुरमला आकार लहान होऊन कोरीवकाम दागिन्यासारखे बारीक झालेले, हा प्रवास त्या क्रमाने चांगला उलगडतो, आणि आपल्या कार्यक्रमात चिदंबरमनंतर तंजावर आधी घेतल्यास तोही साधेल. कुंभकोणमचा मुक्काम शेवटी ठेवण्याची विनंती करून पाहावी. तेवढा बदल कंपनीला अवघड जाऊ नये.

नृत्य पाहण्यासाठी जाणाऱ्यांचा क्रम मात्र वेगळा असावा. चिदंबरमची गोपुरे तंजावरच्या मंदिरानंतरची असली तरी १०८ करणे तेथे पूर्ण आहेत, प्रकाशात आहेत आणि श्लोकांमुळे एकेक ओळखता येते. जाऊबाईंनी ती आधी पाहून वहीत टिपून घेतली, की तंजावरच्या बंद मजल्यावरील ८१ पटांची छायाचित्रे पाहताना त्यांना शिल्पकाराने कोणते करण कसे हाताळले हे स्वतःच तोलता येईल, आणि २७ दगड कोरे का राहिले असावेत यावर अभ्यासकांशी बरोबरीने बोलता येईल. चिदंबरमचे मंदिरही दुपारी बंद असते, म्हणून गोपुरांसाठी सकाळचा वेळ मागून घ्यावा. पूर्व आणि पश्चिम गोपुरांतील श्लोक वाचण्यासाठी एक छोटी दुर्बीण बरोबर असावी. वरच्या ओळींतील अक्षरे नुसत्या डोळ्यांनी लागत नाहीत.